जुन्या करारांतील महाकाय : परस्परविरोधी वचनांची छाननी

यहुदी लोकांच्या पवित्र ग्रंथसंग्रहांत, म्हणजे ज्यास ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात त्यांत, प्राचीन काळच्या महाकाय पुरुषांविषयीं अनेक वचनें विखुरलेलीं आहेत. तीं एकत्र मांडून वाचलीं असतां वाचक गोंधळून जातो. जलप्रलयांत नोहाच्या कुटुंबाखेरीज सर्व मनुष्यजाति बुडाली असें एके ठिकाणीं सांगितलें आहे, तर प्रलयापूर्वींचे महाकाय मोशेच्या काळीं कनान देशांत नांदत होते असें दुसऱ्या ठिकाणीं आढळतें. रेफाई लोकांपैकीं एकटा ओग राजा उरला होता असें एक वचन सांगतें, आणि त्यानंतर कित्येक पिढ्यांनीं दावीदाचे शिपाई राफाच्या वंशजांशीं लढतांना दिसतात. गल्याथास दावीदानें मारिलें ही गोष्ट लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्याच शमुवेलाच्या ग्रंथांत तें कृत्य एलहानान नांवाच्या दुसऱ्याच वीराच्या नांवावर नोंदलेलें आहे.

ह्या विसंगतींवर आजवर जें लिहिलें गेलें त्याचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग संगति लावणारांचा. ग्रंथ ईश्वरप्रणीत, म्हणून त्यांत विरोध असणें शक्य नाहीं, अशी प्रतिज्ञा आधीं करून हे लोक प्रत्येक विरोधास कांहींतरी उत्तर शोधून काढितात. दुसरा वर्ग उपहास करणारांचा. दोन वचनें जुळत नाहींत एवढें दिसतांच सर्व ग्रंथ भाकडकथा ठरवून हे मोकळे होतात. आमच्या मतें हे दोन्ही वर्ग एकच चूक करितात. अनेक शतकांत, अनेक हातांनीं लिहिलेल्या व जुळविलेल्या लेखसंग्रहास ते एकाच साक्षीदाराची एक जबानी समजतात. एक म्हणतो साक्षीदार पूर्ण खरा, दुसरा म्हणतो पूर्ण खोटा. साक्षीदार किती आहेत हें मोजण्याचे कष्ट कोणी घेत नाहीं.

ह्या प्रश्नास केवळ धर्मशास्त्रीय महत्त्व असतें तर ह्या त्रैमासिकांत त्यास जागा मागण्याचें कारण नव्हतें. परंतु बखरी, शकावल्या, करीने व कैफियती ह्यांची छाननी करणारांस रोज जे प्रश्न पडतात तेच येथें पडतात. शिवाय मराठी वाचकांस हा विषय अगदींच परका नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें, तेव्हांपासून जुन्या करारांतील कथा मराठी ओवींत आलेल्या आहेत. आणि पंडिता रमाबाई ह्यांनीं केडगांव येथें हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केलेलें संपूर्ण बायबलाचें भाषांतर १९२४ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, प्रसिद्ध झालें. म्हणून वचनें एकेक घेऊन तपासावीं असें आम्हीं योजिलें आहे.

(१) शब्दांचा घोळ

प्रथम शब्द पाहूं. ज्यांस आपण सरसकट महाकाय म्हणतों त्यांस मूळ हिब्रूंत एक नांव नाहीं. नेफिलीम, गिब्बोरीम, रेफाईम, अनाकीम, एमीम, जमजुम्मीम अशीं निरनिराळीं नांवें आहेत. गिब्बोरीम म्हणजे नुसते शूर पुरुष. अनाकीम हें हेब्रोनच्या आसपासच्या लोकांचें नांव. एमीम हें मवाबी लोकांनीं व जमजुम्मीम हें अम्मोनी लोकांनीं आपल्या पूर्वींच्या रहिवाशांस दिलेलें नांव, असें अनुवादाच्या दुसऱ्या अध्यायांत स्पष्टच म्हटलें आहे. इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथें ग्रीक भाषांतर होऊं लागलें, त्या वेळीं भाषांतरकारांनीं उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायांतील नेफिलीम व गिब्बोरीम ह्या दोहोंसही ‘गिगांतेस’ हा एकच शब्द वापरला, आणि चौदाव्या अध्यायांत रेफाईम लोकांसही तोच लाविला. ग्रीक पुराणांतील गिगांतेस हे भूमीचे पुत्र व देवांचे शत्रु. त्यांच्या नांवाबरोबर त्यांची सर्व कथा हिब्रू ग्रंथांत शिरली. पुढें लॅटिन भाषांतरानें व १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरानें तीच वाट धरिली. १८८५ च्या सुधारलेल्या इंग्रजी आवृत्तींत नेफिलीम हा शब्द तसाच ठेविला गेला, तेव्हां हा घोळ अंशतः सुटला. मराठींत राक्षस किंवा दैत्य असा शब्द योजिला तर आणखी निराळा अर्थ चिकटतो, कारण ह्या शब्दांत देहाच्या मापापेक्षां स्वभावाचा निर्देश अधिक आहे.

रेफाईम ह्या शब्दाची स्थिति तर फारच चमत्कारिक आहे. अनुवाद व यहोशवा ह्या ग्रंथांत ते यार्देनेच्या पूर्वेकडील एक प्राचीन लोक आहेत. परंतु यशया, ईयोब, स्तोत्रें व नीतिसूत्रें ह्यांत तोच शब्द अधोलोकांतील मृतांस लाविलेला आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे, ह्यावर प्रकाश पडला तो १९२९ सालीं उत्तर सीरियांत रास शाम्रा येथें उत्खनन सुरू झाल्यावर. तेथील उगारीत नगराच्या मृत्तिकापटांत ‘रपउम’ नांवाचे दिवंगत पूर्वज व राजे श्राद्धासारख्या विधींत बोलाविले जातात. एका पटावर ‘रपउ’ नांवाच्या दिव्य राजाचा उल्लेख असून त्याच्या आसनाच्या वर्णनांत अष्टारोथ व एद्रई हीं स्थलनामें कित्येक विद्वान वाचितात. त्याच ओळींचें वाचन इतर विद्वान निराळ्या रीतीनें करितात. पहिलें वाचन ग्राह्य धरिलें तर तीं दोन नगरें म्हणजे यहोशवाच्या ग्रंथांत ओग राजाचीं म्हणून सांगितलेलींच दोन नगरें होत. मग रेफाईम ही मूळची उंच माणसांची जात नसून मेलेल्या वीरांचा व राजांचा पूज्य समुदाय होता, आणि त्यांच्या ठाण्यांची आठवण पुढें एका नाहींशा झालेल्या लोकांची आठवण बनली, असें म्हणण्यास आधार मिळतो.

(२) प्रलयापूर्वीं व प्रलयानंतर

उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायांत देवपुत्र व मानवकन्या ह्यांच्या संबंधाची गोष्ट चार वाक्यांत उरकली आहे. त्या काळीं नेफिलीम पृथ्वीवर होते असें तेथें सांगितलें असून, ‘आणि त्यानंतरही’ अशा अर्थाचे शब्द मध्येंच आले आहेत. पुढील अध्यायांत सर्व प्राणिमात्र बुडाला. गणनेच्या तेराव्या अध्यायांत मात्र कनान देश हेरून आलेले लोक म्हणतात कीं आम्हीं तेथें नेफिलीम पाहिले व त्यांच्यापुढें आम्ही टोळांसारखे भासलों.

हा विरोध जुन्या यहुदी पंडितांसही जाणवला होता. ओग हा प्रलयांतून वांचला असें तालमुदांत आलें आहे. आणि पुढील एका ग्रंथांत तर तो तारवाबाहेरील शिडीच्या पायरीवर बसून तरला अशी कथा आहे. ह्या कथा मनोरंजक आहेत, परंतु विरोध खरा होता ह्याचीच ती कबुली आहे.

आमच्या मतें येथें तीन गोष्टी पाहावयास हव्या होत्या. पहिली, कोण बोलत आहे ही. गणनेंत अनाकाच्या वंशजांचा उल्लेख ग्रंथकार स्वतःच्या शब्दांत करितो. अहीमान, शेशय व तलमय हीं त्यांचीं नांवेंही देतो. नेफिलीम हा शब्द मात्र फक्त हेरांच्या तोंडीं आहे, आणि ग्रंथकारानेंच त्यांचें सांगणें दुष्ट वार्ता ठरविलें आहे. भ्यालेल्या मनुष्यानें शत्रूचें वर्णन करितांना पुराणांतील नांव घ्यावें ह्यांत अस्वाभाविक कांहीं नाहीं. दुसरी गोष्ट पाठाची. अनाकाचे पुत्र नेफिलीमांपैकीं होत, हें त्याच वाक्यांतील स्पष्टीकरण ग्रीक भाषांतरांत नाहीं. तें मागाहून कोणी समासांत लिहिलेलें व पुढें मजकुरांत शिरलेलें दिसतें. उत्पत्तींतील ‘त्यानंतरही’ हे शब्दही तशाच प्रकारें, गणनेंतील वचनाशीं मेळ घालण्यासाठीं, घातले गेले असावेत. तिसरी गोष्ट अशी कीं नेफिलीमांची गोष्ट मुळांत प्रलयकथेशीं बांधलेलीच नसावी. चौथ्या अध्यायांत काइनाचे वंशज हे तंबूंत राहणारांचे व वाद्यें वाजविणारांचे मूळपुरुष म्हणून सांगितले आहेत. मध्यें सर्व जग बुडालें असतें तर ह्या सांगण्यास अर्थ राहत नाहीं. सारांश, प्रलय न जाणणारी एक परंपरा व प्रलय सांगणारी दुसरी परंपरा संपादकानें शेजारीं ठेविली.

हेंही लक्षांत घ्यावें कीं उत्पत्तीच्या त्या वचनांत उंचीबद्दल एक अक्षरही नाहीं. तेथील पुरुष शूर व नामांकित आहेत, इतकेंच. त्यांस आकाशास भिडविलें तें पुढील वाङ्मयानें. हनोखाच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत त्यांची उंची तीन हजार हात झाली. कुमरान येथें सांपडलेल्या अरामी ‘महाकायांच्या ग्रंथां’त तर गिल्गमेश व हुंबाबा हीं बाबिलोनी महाकाव्यांतील नांवें महाकायांस दिलेलीं आढळतात, आणि तोच ग्रंथ पुढें मानी पंथानें स्वीकारून मध्य आशियापर्यंत नेला, हें तुर्फान येथील पत्रांवरून १९४३ सालीं हेनिंग ह्यांनीं दाखवून दिलें. कथा जसजशी दूर जाते तसतशी ती वाढते, ह्याचें हें उत्तम उदाहरण आहे.

(३) हेब्रोन कोणीं घेतलें

यहोशवाच्या दहाव्या अध्यायांत हेब्रोन घेऊन तेथील सर्वांचा संहार यहोशवानें केला. अकराव्यांत हेब्रोन, दबीर व अनाब येथील अनाकी लोकांचा उच्छेदही त्यानेंच केला. ते फक्त गज्जा, गथ व अश्दोद येथें उरले. परंतु चौदाव्या अध्यायांत पंचाऐशीं वर्षांचा कालेब तोच डोंगराळ मुलूख मागतो, कारण तेथें अनाकी अजून आहेत. आणि पंधराव्यांत तो शेशय, अहीमान व तलमय ह्यांस हांकून लावितो. शास्ते ग्रंथाचा पहिला अध्याय यहोशवाच्या मृत्यूनंतरचा. त्यांत यहूदाच्या लोकांनीं ह्याच तिघांस मारिलें असें दहाव्या वाक्यांत, व कालेबानें त्यांस हांकून दिलें असें विसाव्या वाक्यांत आहे.

संगति लावणारे म्हणतात, शहर एकदां घेतलें, पुन्हां गेलें, पुन्हां घेतलें. असें घडत नाहीं असें नाहीं. परंतु मध्यंतरीं शहर गेल्याची नोंद कोठेंच नाहीं, आणि तेच तिघे वीर हेरांच्या वेळेपासून पंचेचाळीस वर्षांनीं पुन्हां पुन्हां मारिले जावेत हें पटत नाहीं. हीं तीन व्यक्तींचीं नांवें नसून हेब्रोनांतील तीन घराण्यांचीं नांवें असावींत असें मानणें अधिक सयुक्तिक आहे. राहिला प्रश्न श्रेयाचा. एखादा किल्ला सरदारानें घेतला तरी बखरकार राजाच्या नांवावर घालितो, आणि त्या सरदाराच्या घराण्याच्या कैफियतींत मात्र मूळपुरुषाचेंच नांव येतें, हें आपणांस नवें नाहीं. हेब्रोनवरील कालेब घराण्याचा हक्क ज्या परंपरेनें जपला ती एक. यहूदा वंशाची सामान्य परंपरा दुसरी. आणि सर्व देश यहोशवानें जिंकला असें ठरीव रीतीनें सांगणारी तिसरी. ह्यांत पहिलीच सर्वांत जुनी असावी, कारण तींत श्रेय लहानास मिळतें. मोठ्याकडून लहानाकडे श्रेय सहसा जात नाहीं.

ह्याच प्रकरणांत एक बारीक परंतु बोधप्रद पाठभेद आहे. हेब्रोनचें जुनें नांव किर्याथ-आर्बा. आर्बा हा अनाकी लोकांतील सर्वांत मोठा पुरुष होता असें हिब्रू पाठ सांगतो. ग्रीक पाठांत मात्र त्या जागीं तें अनाकी लोकांचें ‘मातृनगर’ होतें असें आहे. आर्बा ह्या शब्दाचा साधा अर्थ ‘चार’. म्हणजे एका नगराच्या नांवांतून एक महाकाय पुरुष जन्मास आला. हेब्रोनजवळ तेल रुमैदा येथें मध्य-ब्राँझ युगांतील प्रचंड दगडांची तटबंदी उघडकीस आलेली आहे. अशीं कामें सामान्य मनुष्यांच्या हातचीं नव्हत अशी समजूत मागाहून आलेल्या लोकांची होणें साहजिक होतें. नाशिकचीं लेणीं सातवाहन व क्षत्रप राजांचे शिलालेख अंगावर बाळगूनही लोकांच्या तोंडीं पांडवांचींच राहिलीं, हें येथें आठवावें.

अनाकी हे मात्र केवळ कल्पित नसावेत. इ. स. पूर्वीं दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभींच्या मिसरी शापलेखांत, जे झेटे ह्यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केले, ‘इय-अनक’ नांवाचा एक प्रदेश व त्याचे अधिपति ह्यांचा उल्लेख आहे, व तो अनाकी लोकांचा असावा असें पुष्कळांचें मत आहे. तसेंच इ. स. पूर्वीं तेराव्या शतकांतील एका मिसरी पत्रलेखांत कनानच्या घाटांतील शासू लोकांपैकीं कांहीं चार-पांच हात उंच असल्याचें वर्णन आहे. म्हणजे शत्रूची उंची वाढवून सांगण्याची रीत शेजारच्या देशांतही होती.

(४) ओगाचा पलंग

अनुवादाच्या तिसऱ्या अध्यायांत बाशानचा राजा ओग हा रेफाईम लोकांपैकीं शेवटचा असून त्याचा नऊ हात लांब व चार हात रुंद लोखंडी पलंग अम्मोनी लोकांच्या राब्बा शहरांत आहे असें सांगितलें आहे. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायांत अनाकी लोकही रेफाईमांतच मोजिले आहेत, आणि नवव्या अध्यायांत ते अनाकी अद्याप जिवंत असून त्यांच्याशीं लढावयाचें आहे. मग ओग शेवटचा कसा? हा विरोध आम्हांस फारसा कठीण वाटत नाहीं. तिसऱ्या अध्यायाचा विषय यार्देनेच्या पूर्वेकडील मुलूख आहे. तेवढ्यापुरता ओग शेवटचा, असा अर्थ प्रकरणावरून सरळ निघतो. जेथें संगति प्रकरणांतूनच निघते तेथें ती नाकारण्याचें कारण नाहीं.

परंतु ह्या वचनाचें खरें महत्त्व निराळेंच आहे. पलंग राब्बा येथें आहे, जाऊन पाहा, असें सांगणारा लेखक ओगाचा समकालीन असूं शकत नाहीं. फार दिवसांपूर्वीं होऊन गेलेल्या राजाची खूण तो दाखवीत आहे. बाराव्या शतकांत इब्न एझ्रा ह्या यहुदी टीकाकारानें, मोशेनें लिहिलें नसावें असें सुचविणाऱ्या ज्या थोड्या जागा आडपडद्यानें दर्शविल्या, त्यांत हा पलंग आहे. आणि १६७० सालीं स्पिनोझानें तीच खूण उघड करून सांगितली. बायबलाच्या ऐतिहासिक छाननीचा आरंभ ज्या थोड्या वाक्यांपासून झाला त्यांत एका महाकायाच्या पलंगाचें वाक्य आहे, ही गोष्ट ह्या विषयास क्षुल्लक म्हणणारांनीं ध्यानांत ठेवावी.

पलंग म्हणजे काळ्या दगडाची शवपेटी किंवा शिलाप्रकोष्ठ असावा असा तर्क पूर्वीं होता, कारण त्या मुलखांत असे शिलाप्रकोष्ठ पुष्कळ आहेत. अलीकडे दुसऱ्या एका मेळाकडे लक्ष वेधलें गेलें आहे. बाबिलोन येथील मर्दुक देवाच्या मंदिराचीं मापें देणाऱ्या मृत्तिकापटांत देवाचा पलंग नऊ हात लांब व चार हात रुंदच आहे. तेव्हां हें माप ओगाच्या देहाचें नसून देवासारख्या राजाच्या शय्येचें ठरीव माप असणें शक्य आहे. शिवाय ओग हा अमोरी राजांपैकीं एक म्हणूनही वर्णिला आहे, आणि आमोस संदेष्ट्यानें अमोरी लोक सरसकट गंधसरूसारखे उंच ठरविले आहेत. ह्या भाषेस मोजपट्टी लावण्यांत अर्थ नाहीं.

(५) गल्याथास कोणीं मारिलें

आतां सर्वांत कठीण प्रकरण. पहिल्या शमुवेलाच्या सतराव्या अध्यायांत दावीद गल्याथास मारितो. दुसऱ्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायांत दावीदाच्या शिपायांनीं राफाच्या चार वंशजांस मारिल्याची यादी आहे. तींत बेथलेहेमकर एलहानान हा गथकर गल्याथास मारितो, आणि त्या गल्याथाच्या भाल्याचा दांडा विणकराच्या तुरीसारखा आहे. पहिल्या इतिहासाच्या विसाव्या अध्यायांत एलहानान मारितो तो गल्याथाचा भाऊ लहमी.

१६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनीं शमुवेलाच्या वाक्यांत ‘भाऊ’ हा शब्द स्वतःच्या पदरचा घालून विरोध झांकिला. अरामी भाषांतरानें एलहानान म्हणजेच दावीद असें ठरविलें, आणि विसाव्या शतकांत कित्येकांनीं एलहानान हें मूळचें नांव व दावीद हें राजनाम अशी उपपत्ति मांडली. ती टिकत नाहीं. त्याच यादीच्या आरंभीं दावीद स्वतःच्या नांवानें येतो, थकतो, व अबीशय त्यास वांचवितो. एका पानावर एकाच पुरुषास दोन नांवांनीं निर्देशिण्याचें कारण दिसत नाहीं.

राहिला लहमी. शमुवेलांतील वाक्य नकलकाराच्या हातून बिघडलें आहे ह्यांत शंका नाहीं. एलहानानाच्या बापाच्या नांवांत ‘विणकर’ हा शब्द वाक्याच्या शेवटून वर चढला आहे. परंतु बिघाड झाला म्हणून इतिहासाचा पाठ मूळचा ठरत नाहीं. ‘बेथ-हल्लहमी’, म्हणजे बेथलेहेमकर, ह्या शब्दाचे तुकडे केले कीं लहमी हें नांव तयार होतें, आणि कर्मवाचक ‘एथ’ ह्या शब्दाच्या जागीं जवळच्या रूपाचा ‘भाऊ’ शब्द बसतो. इतिहासाच्या कर्त्यासमोर शमुवेल ग्रंथ होता. तेव्हां त्यानें किंवा त्याच्या प्रतीच्या नकलकारानें अडचण दूर केली, असें म्हणणेंच योग्य. अडचणीचा पाठ सोपा केला जातो. सोपा पाठ मुद्दाम अडचणीचा कोणी करीत नाहीं.

तर मग दावीदाची कथा खोटी काय? सतराव्या अध्यायांतच दोन कथा गुंफलेल्या आहेत. सोळाव्यांत दावीद शौलाचा वीणावादक व शस्त्रवाहक झालेला आहे. सतराव्याच्या शेवटीं शौल विचारतो, हा मुलगा कोणाचा. पन्नासाव्या वाक्यांत गल्याथ गोफणीच्या दगडानें मरतो, एक्कावन्नाव्यांत तलवारीनें. चौथ्या शतकांतील वॅटिकन ग्रीक प्रतींत हे दोन्ही विरोध नाहींत, कारण बारा ते एकतीस, पन्नास, व पंचावन्न ते अठ्ठावन्न हीं वाक्यें तींत मुळींच नाहींत. म्हणजे एक आटोपशीर कथा होती, व तींत दुसरी मिसळली गेली. त्या आटोपशीर कथेंतही दावीद गल्याथाचें शिर यरुशलेमेस नेतो, आणि तें शहर तर त्यानें राजा झाल्यावर यबूसी लोकांपासून घेतलें. कथा मागाहून रचली गेल्याची ही खूण आहे. भाल्याचा विणकराच्या तुरीसारखा दांडा दोन्ही ठिकाणीं एकच आहे, हेंही लक्षांत घ्यावें. दावीदानें कोणा निनांवी पलिष्टी वीरास मारिलें ही आठवण जुनी असावी, आणि त्यास गल्याथ हें नांव एलहानानाच्या नोंदींतून मिळालें असावें, असा आमचा निष्कर्ष आहे. राजाकडे शिपायाचें श्रेय गेलें. आणि आश्चर्य हें कीं राजाच्या चरित्राच्या संपादकांनीं शिपायाची नोंद खोडली नाहीं.

गल्याथ हें नांव कल्पित नाहीं. गथ शहराची जागा मानिल्या जाणाऱ्या तेल एस-साफी येथें २००५ सालीं एक खापर सांपडलें. त्यावर गल्याथ ह्या नांवाच्या जातीचीं, सेमिटिक नसलेलीं दोन नांवें आहेत. तें खापर त्या गल्याथाचें नव्हे, परंतु त्या शहरांत तशीं नांवें प्रचारांत होतीं एवढें त्यावरून सिद्ध होतें.

(६) उंचीचें माप

प्रचलित हिब्रू पाठांत गल्याथाची उंची सहा हात एक वीत, म्हणजे सुमारें पावणेदहा फूट आहे. वॅटिकन ग्रीक प्रत, योसेफस, आणि कुमरानच्या चौथ्या गुहेंत १९५२ सालीं सांपडलेली शमुवेलाची हिब्रू प्रत ह्या तिहींत ती चार हात एक वीत, म्हणजे सुमारें पावणेसात फूट आहे. कुमरानची प्रत इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांतील, आणि प्रचलित पाठाच्या संपूर्ण प्रतींहून हजार वर्षांनीं जुनी. चार हातांचाच पाठ मूळचा मानावा असें आम्हांस वाटतें.

माप कसें वाढतें ह्याचा दुसरा पुरावा ह्याच ग्रंथांत आहे. दावीदाचा वीर बनाया ह्यानें एका मिसरी माणसास मारिलें. दुसऱ्या शमुवेलांत तो फक्त देखणा पुरुष आहे. पहिल्या इतिहासांत तोच पांच हात उंच झाला, व त्याच्या हातीं विणकराच्या तुरीसारखा भाला आला. गल्याथाचें भूषण दुसऱ्यास चढविलें गेलें. एलहानानाच्या नोंदींत गल्याथ उंच होता असें म्हटलेलेंच नाहीं. त्या यादींत उंच म्हणून वर्णिलेला पुरुष चौथा, ज्याच्या हातापायांस सहा सहा बोटें होतीं तो.

कोणी म्हणेल, चार हातांनीं कथेचा रस गेला. आम्हांस उलट वाटतें. शौल हा सर्व लोकांत खांद्यापासून वर उंच होता, असें तोच ग्रंथ दोनदां सांगतो. आणि दावीदाच्या थोरल्या भावाच्या प्रसंगीं, उंचीकडे पाहूं नको, असें शमुवेलास बजावण्यांत येतें. पावणेसात फुटी शत्रूपुढें जाण्याचें काम त्या उंच राजाचेंच होतें, व तो तंबूंत बसून राहिला. शत्रु दहा फुटी केला कीं शौलास सबब मिळते. माप वाढविणारानें चमत्कार वाढविला, परंतु राजावरील ठपका पुसला.

(७) निष्कर्ष

एवढ्या छाननीवरून आम्ही पुढील गोष्टी ठरवितों. कांहीं विरोध भाषांतरानें निर्माण केले; ते मूळ शब्द पाहतांच सुटतात. कांहीं प्रकरण न पाहिल्यानें भासतात. ओग हें त्यांचें उदाहरण. कांहीं नकलकारांचे आहेत. ते जुन्या प्रतींनीं सुटतात. परंतु हेब्रोन व गल्याथ हे विरोध खरे आहेत, व त्यांस संगतीचें ठिगळ लावणें म्हणजे पुरावा बुजविणें होय. दोन नोंदी जुळत नाहींत म्हणूनच त्या दोन आहेत हें कळतें, आणि एलहानानासारखा विसरला गेलेला शिपाई आपणांस भेटतो.

ह्या कथा सांगण्याचा हेतूही दृष्टीआड करूं नये. अनुवादाच्या दुसऱ्या अध्यायांत महाकायांचा उल्लेख दर वेळीं जमिनीच्या प्रश्नाशीं जोडलेला आहे. मवाबास भूमि मिळाली ती एमीमांना घालवून, अम्मोनास जमजुम्मीमांना घालवून, इस्राएलास अनाकींना घालवून. पूर्वींचे रहिवासी अतिमानुष होते म्हटलें कीं त्यांचा उच्छेद हा पराक्रम ठरतो व नव्या धन्याचा हक्क देवदत्त ठरतो. त्या युगांतील थडग्यांत आजवर सांपडलेले सांगाडे मात्र तुमच्या आमच्यासारख्याच माणसांचे आहेत. ज्यांस महाकाय म्हटलें गेलें तींही माणसेंच होतीं, हें इतिहासकारानें सांगितलें नाहीं तर दुसरें कोण सांगणार?

हा भ्रम जुन्या काळापुरता नाहीं. १८६९ सालीं अमेरिकेंत कार्डिफ गांवीं दहा फुटी शिलामानव सांपडल्याचा गवगवा झाला. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायावरील वादानंतर जॉर्ज हल नांवाच्या गृहस्थानें तो घडवून पुरला होता. २००२ सालीं एका चित्रस्पर्धेसाठीं जोडकाम करून केलेलें प्रचंड सांगाड्याचें छायाचित्र पुढें अरबस्तानांत आद लोकांचें व आपल्या देशांत घटोत्कचाचें म्हणून फिरलें. ज्यांस बायबलांतील महाकाय हास्यास्पद वाटतात त्यांपैकीं कित्येकांनीं तें चित्र विश्वासानें पाहिलें. आपल्या ग्रंथास व परक्याच्या ग्रंथास एकच कसोटी लावणें हें संशोधकाचें पहिलें कर्तव्य आहे. आणि त्या कसोटीचा अभ्यास परक्या ग्रंथावर निर्विकार मनानें करितां येतो, म्हणूनच हा विषय आम्हीं येथें मांडिला आहे.